एका हाकेला दोघी

बँकेतली बाई चांगली होती, हीच खरी पंचाईत झाली. खेकसली असती, कागद अंगावर भिरकावले असते, तर निदान तिला मनातल्या मनात चार शब्द सुनावत घरी येता आलं असतं. पण ही बँकवाली उठून उभी राहिली, खुर्ची पुढे केली, पाणी हवं का विचारलं आणि मग एकेक कागद टेबलावर सरळ ओळीत मांडत गेली. पासपोर्ट, या देशात राहायच्या परवान्याचं कार्ड, लग्नाचा दाखला आणि धुलाई कारखान्याने दिलेलं पत्र. सगळं मांडून झाल्यावर ती बराच वेळ नुसती बघत बसली.

"आडनाव बदललंय, ते कळलं," बँकवाली म्हणाली. "आमच्याकडेही लग्नानंतर बदलतात. पण हे मधलं नाव?"

"आधी वडिलांचं होतं. आता नवऱ्याचं आहे."

"बरं. आणि हे पहिलं?"

"तेही लग्नात बदललं."

"का?"

तिला या देशाची भाषा कामापुरती येत होती. चादरी, उशीचे अभ्रे, बस उशिरा आली, डोकं दुखतंय, एवढं सगळं ती बिनचूक सांगायची. हे सांगायला लागणारे शब्द मात्र तिने कधी गोळा केले नव्हते. "घरात त्या नावाचं एक माणूस आधीच होतं," ती कशीबशी म्हणाली.

बँकवालीने मान हलवली, पण तिच्या काही पचनी पडलं नव्हतं. "आमच्या संगणकात आडनाव बदललं तर लिहायला जागा आहे," ती जरा ओशाळून म्हणाली. "अख्खं नाव बदललं तर नाही. तिन्ही बदलल्यावर या बाईतलं तुमच्यात उरलं काय?"

यात टोमणा नव्हता. ती बिचारी खरोखरच शोधत होती.

"जन्मतारीख," तिने सांगितलं.

त्या तारखेला पुष्कळजणी जन्मल्या असतील, असं बँकवाली हळूच म्हणाली आणि पुन्हा दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून बघू लागली. कार्डावरची मुलगी लांब वेणीची, गालांनी भरलेली, कॅमेऱ्याला घाबरलेली. पासपोर्टवरची बाई चष्मा लावलेली, केस मानेपर्यंत कापलेली, कशालाच न घाबरणारी, कारण तोवर घाबरायचाही कंटाळा आलेला. त्या दोघी बहिणी आहेत असंसुद्धा कुणी म्हटलं नसतं.

घोळ घातला होता नवऱ्याने, आणि तोही चांगुलपणाने. ती परदेशी आली ती माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर. लग्नाआधी वडिलांनी हौसेने काढून ठेवला होता. मुलगी जाणार कुठे याचा पत्ता नाही, पण पासपोर्ट हवा. त्याच नावाने इथलं कार्ड मिळालं. पुढे पासपोर्टची मुदत संपली तेव्हा नवरा म्हणाला, नाहीतरी नवा काढायचाच आहे तर सासरचं नाव घालून टाकू, एकदाचं सगळं सारखं होईल. कार्डाची मुदत अजून शिल्लक होती, ते तसंच राहिलं. सारखं व्हायचं बाजूलाच, दोन बायका तयार झाल्या, एक कार्डातली आणि एक पासपोर्टातली. आणि लग्नाच्या दाखल्यावर जुनंच नाव, कारण तोवर नवं नाव कुठल्या कचेरीत दिलेलंच नव्हतं. ते लग्नाच्या दिवशी पाहुण्यांसमोर सांगितलं गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून लागू झालं. इतकी वर्षं त्याने काही अडलं नाही. खातं नवऱ्याचं, घराचा करार नवऱ्याचा, विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर. तिला कुणी काही विचारतच नव्हतं.

बँकवालीने शेवटी वरच्या साहेबांना फोन लावला. बरंच हो-हो झालं. मग ती म्हणाली, "लग्नाआधी तुम्हाला जुन्या नावाने ओळखणारं आणि आता या नव्या नावाने ओळखणारं एक माणूस आणा. व्हिडिओवर चालेल. आपलं ओळखपत्र दाखवून त्याने सांगायचं, की या दोघी एकच आहेत. भाषेची काळजी करू नका, दुभाषी आम्ही देऊ."

"नवरा सांगेल की."

"नवरा चालत नाही. दुसरं कोणीही. असेल ना कोणीतरी?"

"आहेत की," ती म्हणाली, आणि बाहेर येऊन बसथांब्यावर उभी राहिली तेव्हा कोण आहेत ते आठवू लागली.

खात्याची घाई होती ती कारखान्यामुळे. शहरातल्या मोठ्या दवाखान्यांच्या चादरी तिथे धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन परत जायच्या. ओल्या चादरीचं एक टोक तिने धरायचं, दुसरं समोरच्या बाईने, दोघींनी ती ताणून गरम रोलरच्या तोंडात सारायची. चादर पलीकडून कडक होऊन बाहेर पडायची, तोवर हातात पुढची. समोरची बाई तिसऱ्याच कुठल्या देशातून आलेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण चादर कधी झटकायची ते डोळ्यांनी कळायचं. तिथे नावाचं कुणाचंच अडत नव्हतं. मशीनवर रंगाने आकडे घातले होते आणि बायकांना त्याच आकड्यांनी हाक मारायचे. ती चार नंबर. "चार नंबर, जरा हात चालव," असं मुकादम ओरडायचा आणि ती हात चालवायची. पहिल्या दिवशी तिला ते लागलं. मग लक्षात आलं की जुनं काय आणि नवं काय, नावाने तरी तिला या देशात दुसरं कोण हाक मारत होतं.

तरी काम तिला आवडलं होतं. खूप वर्षं ती घरात होती, मूलबाळ झालं नाही, आणि घरात राहून राहून तिचा आवाजसुद्धा बारीक होत चालला होता. इथे सकाळी दारात शिरलं की गरम वाफेचा आणि साबणाचा वास यायचा, कपाटाला स्वतःचं कुलूप होतं, जेवायच्या सुट्टीत समोरची बाई न विचारता बाजूची खुर्ची तिच्यासाठी धरून ठेवायची. हे सगळं तिचं होतं. ते जायला नको होतं.

पण मुकादमाने सरळ सांगितलं होतं. "पगार आम्ही जिच्या तिच्या खात्यातच टाकतो. नवऱ्याच्या खात्यात टाकायची पद्धत नाही. महिनाअखेरीला खातं नसेल तर तुला ठेवता येणार नाही, चार नंबर. माझ्या हातात काही नाही." आणि त्याच्या हातात खरंच काही नव्हतं. कार्डाच्या कचेरीत विचारलं तर ते म्हणाले, आधी बँकेतून काहीतरी आणा. बँक म्हणते ओळख आणा, कचेरी म्हणते बँकेचं आणा, आणि ही मध्ये लटकलेली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला फोन लावला. तो बंदरांवरच्या क्रेन दुरुस्त करायचा. आज या बंदरात, पुढच्या आठवड्यात त्या. घरी यायचा तो धुवायचे कपडे घेऊन, आणि जायचा तो इस्त्रीचे घेऊन. माणूस वाईट नव्हता, फक्त नसायचा.

"अगं, एवढं काय त्यात," तो म्हणाला. मागे कुठेतरी लोखंड आपटत होतं. "नाही जमलं तर राहू दे. आपल्याला काय कमी आहे?"

"कमी नाही हो काही."

"मग झालं तर. कशाला जिवाला घोर लावून घेतेस? कुणाला तरी फोन कर ना तिकडे."

"कुणाला?"

"तुझ्या ओळखीचं कोणीतरी. मी काय सांगणार?" मग त्याला कुणीतरी बोलावलं आणि फोन बंद झाला.

तिने कागद घेतला नाही, बोटांवरच मोजायला सुरुवात केली. वडील केव्हाच गेले. भाऊ-बहीण कुणी नव्हतं. आई गेल्या वर्षी गेली. आई शेवटपर्यंत फोनवर जुन्याच नावाने हाक मारायची. तिला नवं नाव जमलंच नव्हतं, चारचौघांत सुद्धा जिभेवर जुनंच यायचं आणि मग ती व्याह्यांसमोर कानकोंडी व्हायची. ती गेल्यापासून ते नाव कुणाच्याच तोंडून आलं नव्हतं. त्याचं सुतक कुणी धरलं नाही, पण तेही त्याच दिवशी गेलं होतं.

मग मैत्रिणी. शाळेत एका बाकावर बसायची ती, सायकलवरून डबलसीट न्यायची ती, परीक्षेच्या आदल्या दिवशी रडायची ती. तिने खिडकीपाशी बसून फोनवर एकेकीचं नाव घालून शोधायला सुरुवात केली. त्या नावाच्या कितीतरी निघाल्या. कुणी कॉलेजातली पोर, कुणी दुसऱ्याच राज्यातली डॉक्टरीण, कुणी नुसतं फुलाचं चित्र लावलेली. बाकावरची एकही नाही. बराच वेळ शोधल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांचीही लग्नं झाली होती. बाकावरच्या मैत्रिणीचं नवं आडनाव तिला माहीत नव्हतं, सायकलवालीचं पहिलं नावसुद्धा बदललं होतं असं कानावर आलं होतं. एकाच वर्गातल्या मुली चार-दोन वर्षांत आपापल्या नवऱ्यांच्या नावांत शिरल्या आणि मागे दार लावून घेतलं. आणि त्यांच्यातल्या एखादीने कधी तिला शोधलं असेल, तर ती तरी कुठे सापडणार होती.

समोरच्या इमारतीतल्या खिडकीत कुणीतरी कुंडीला पाणी घालत होतं. रोज घालायचं. तिने इतक्या वर्षांत त्या माणसाचा चेहराही नीट पाहिला नव्हता. आज तिला उगाचच वाटलं की त्याला हात करावा. मग वाटलं, तो काय म्हणेल, आणि तिने पडदा ओढला.

दोन्ही नावांनी ओळखणारं एक माणूस उरत होतं. ते तिला पहिल्यापासून माहीत होतं. बोटं मोजायचा उद्योग ते नाव टाळण्यासाठीच चालला होता.

सासूबाई तिला लग्नाच्या कितीतरी आधीपासून ओळखत होत्या. तिची आई घरी शिवणकाम करायची आणि सासूबाई तिच्याकडे ब्लाउज शिवून घ्यायला यायच्या. तेव्हा त्या सासूबाई नव्हत्या, आईच्या एक चोखंदळ गिऱ्हाईक होत्या. बाही अर्धा बोट जास्त झाली तरी परत आणायच्या. आणि योगायोग असा, की मुलीचं आणि गिऱ्हाइकाचं नाव एकच. आई मशीनवरून मान न उचलता टेप आणायला मुलीला हाक मारायची, तर आतून मुलगी "ओ" म्हणायची आणि आरशापुढे उभ्या असलेल्या या बाईही "ओ" म्हणायच्या. मग दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या. पुढे पुढे तर तो खेळच झाला. आई मुद्दाम हाक मारायची, आणि कोण आधी ओ देतं याची जणू शर्यत लागायची. त्या हसण्यातूनच लग्न जुळलं. बाईंनी एक दिवस ब्लाउज घ्यायला येऊन मुलगीच मागितली.

आणि लग्न ठरल्यावर निरोप आला, की मुलीचं नाव बदलायचं आहे. एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील, हाक कुणाला मारली ते कळायचं कसं. नवं नाव नवऱ्याच्या आत्याने सुचवलं. आईने मान डोलावली, वडिलांनी मान डोलावली. तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिनेही मानच डोलावली असती. पण आत कुठेतरी गाठ बसली. जिच्याबरोबर आपण त्या नावावर हसलो, तिनेच ते काढून घ्यावं? त्या गाठीवरून तिने कधी भांडण केलं नाही. फक्त सासूबाईंशी ती तेवढ्यास तेवढं बोलू लागली, आणि परदेशी आल्यावर तर रविवारच्या फोनला तीच ती वाक्यं ठरून गेली. तब्येत कशी आहे, गोळ्या घेता ना, काळजी घ्या. तिकडूनही तसंच.

पण महिनाअखेर येत होती. रविवार नसताना तिने फोन लावला.

"काय झालं?" सासूबाई घाबरूनच बोलल्या. "तो बरा आहे ना?"

"बरे आहेत. माझंच काम होतं, आई."

तिने सगळं सांगितलं. सांगताना तिच्या लक्षात आलं की आपण ते जुनं नाव एकदाही उच्चारत नाही आहोत. 'माझं आधीचं नाव' असं म्हणतोय, आणि सासूबाईही 'ते आधीचं' असंच म्हणतायत. जणू ते एखाद्या तिसऱ्याच, गेलेल्या माणसाबद्दल होतं.

मग सासूबाई म्हणाल्या, "मला विचारतील ना ते?"

"हो. दुभाषी असेल. आपल्या भाषेत बोलायचं. नाही जमलं तर राहू दे."

"का नाही जमणार?" त्या एकदम जुन्या आवाजात म्हणाल्या, बाही परत आणताना असायचा त्या. "खालची शेजारीण येईल फोन धरायला. कधी बोलायचं ते सांग."

ठरल्या दिवशी तिने कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. बँकवालीने काचेची छोटी खोली उघडली, संगणक वळवला, आणि फोनमधून दुभाष्याचा आवाज आला. बाईचा आवाज, शुद्ध आपल्या भाषेतला. "नमस्कार, मी फक्त दोन्ही बाजूंचं जसंच्या तसं सांगणार, मध्ये माझं काही नाही," असं तो आवाज म्हणाला. इथल्या कुठल्या कचेरीत तिने आपली भाषा कधी ऐकली नव्हती. तिला त्या आवाजाला विचारावंसं वाटलं, तुम्ही कुठच्या, जेवलात का. पण तो आवाज मध्ये स्वतःचं काही आणणारा नव्हता.

पडद्यावर आधी शेजारणीचा अंगठा दिसला, मग छत, मग सासूबाई. त्यांनी चांगली साडी नेसली होती, केस चापूनचोपून बसवले होते. ब्लाउज जुना होता. तिने बाहीवरून तो ओळखला. तो आईच्या हातचा होता.

बँकवालीने ओळखपत्र दाखवायला सांगितलं. सासूबाईंनी ते दोन्ही हातांनी तोंडापुढे धरलं, इतकं जवळ की त्याच दिसेनाशा झाल्या. शेजारीण मागून म्हणाली, "काकू, खाली घ्या, खाली."

"ही समोर बसलेली कोण?" बँकवालीने विचारलं आणि दुभाष्याने सांगितलं.

"माझी सून." सासूबाईंनी तिचं आत्ताचं नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट.

"लग्नाआधी तिचं नाव काय होतं?"

सासूबाईंनी घसा खाकरला. मग त्यांनी ते नाव सांगितलं. पहिलं, वडिलांचं, माहेरचं आडनाव, सगळं एका दमात.

बँकवाली लिहिता लिहिता थांबली. तिने पडद्यावर टिपून घेतलेलं ओळखपत्र पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. "पहिलं नाव त्या स्वतःचं सांगतायत," ती दुभाष्याला म्हणाली. "त्यांना प्रश्न नीट कळला नसावा. पुन्हा विचारा. यांचं नाव हवंय, त्यांचं नाही."

दुभाष्याने पुन्हा विचारलं. तिने बँकवालीकडे पाहिलं. आता ही म्हणणार म्हातारीला समजत नाही, साक्ष बाद. पुढच्या महिन्यात मशीनवर दुसरी चार नंबर.

"कळलं मला," सासूबाई म्हणाल्या. "माझंही तेच आणि तिचंही तेच. म्हणून तर बदललं ना. मी हिच्या आईकडे ब्लाउज शिवायला जायचे. ती हाक मारायची तर आम्ही दोघी ओ द्यायचो. ही फ्रॉक घालायची तेव्हापासूनची गोष्ट. हिच्या उजव्या हाताच्या करंगळीत सुई घुसली होती, ती मी काढलीय. व्रण असेल बघा अजून. आहे का गं?"

ती करंगळी बघू लागली. व्रण होता. पांढरा, तांदळाच्या कणीएवढा. इतक्या वर्षांत ती रोज त्याच हाताने चादरी ताणत होती आणि तो कसा झाला हे साफ विसरली होती.

दुभाष्याने जसंच्या तसं सांगितलं, सुईसकट. बँकवालीने टेबलावरून वाकून करंगळी पाहिली. तिच्या संगणकात करंगळीला जागा नसावी, पण चेहरा सैल झाला.

"मग नाव बदलायचं कुणी ठरवलं?" हा प्रश्न नियमात होता की तिला नुसतंच जाणून घ्यायचं होतं, कोण जाणे.

"मी," सासूबाई म्हणाल्या.

दुभाष्याने तो एक शब्द सांगितला. मग बँकवाली खटाखट लिहू लागली. खातं पासपोर्टावरच्या नावाने उघडलं. खाली एक ओळ होती, 'या नावानेही ओळखतात'. तिथे तिने जुनं नाव घातलं. कोण ओळखतात, हे काही संगणकाने विचारलं नाही. तिने सही केली, बँकवालीने हात मिळवला, दुभाष्याचा आवाज "धन्यवाद" म्हणून कायमचा निघून गेला. पडद्यावर पुन्हा छत दिसलं आणि मग काळं झालं.

बसमध्ये तिला वाटलं होतं की आता आनंद होईल. काम टिकलं होतं, खातं स्वतःचं झालं होतं. पण कुणाला सांगावं असं कुणी नव्हतं. मशीनवरच्या समोरच्या बाईला उद्या अंगठा वर करून दाखवता येईल, एवढंच. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं होईल म्हणून? उगाच घाबरतेस." त्याने तसं काही म्हटलं नव्हतं, पण ती वाद घालत बसली नाही.

घरी येऊन तिने चहा टाकला. एकटीपुरताच टाकायचा म्हणजे दूध किती घ्यायचं याचा अंदाज अजून चुकायचा. कप हातात घेऊन ती बसतेय तोच फोन वाजला. रविवार नव्हता.

"झालं का गं काम?" सासूबाई.

"झालं, आई. तुमच्यामुळेच झालं."

"ते काय. खरं तेच सांगितलं." मग त्या म्हणाल्या, "तुला माहीत नव्हतं ना? मीच बदलायला लावलं ते?"

"माहीत होतं."

"तुला राग होता."

ती नाही म्हणणार होती. रविवारच्या फोनवर तसंच म्हणतात. "होता," ती म्हणाली. "अजून आहे थोडा."

"असणारच." सासूबाईंचा आवाज खाली आला. "माझं नाव मात्र लग्नात बदलायचं राहून गेलं होतं. माझ्या सासूबाई आजारी होत्या, कुणाला सुचलंच नाही. एवढ्या मोठ्या घरात माझं म्हणून तेवढंच एक होतं बघ. तू यायची म्हटल्यावर मला भीती वाटली. तू तरणी, नवी. त्या नावाने सगळे तुलाच हाका मारतील, माझं कोण विचारतंय. म्हणून म्हटलं, बदला."

चहा निवत होता. तिने कप खाली ठेवला.

"आणि गंमत सांगू?" सासूबाई म्हणाल्या, पण आवाजात गंमत नव्हती. "राखून ठेवलं, आणि मला तरी कोण त्या नावाने हाक मारणार होतं? तुझे सासरे जन्मभर 'ऐकलंस का' म्हणाले. दिरांना वहिनी, पोरांना आई, शेजारणीला काकू. हाक मारायची ती एक तुझी आईच. मग तुझं लग्न झालं, आम्ही विहिणी झालो, तीही 'विहीणबाई' म्हणायला लागली. तुझं काढून घेतलं ते काढून घेतलं, वर मलाही वापरता आलं नाही. नुसतं पडून राहिलं दोघींचं. आज त्या बँकेतल्या मुलीला सांगितलं तर तोंडाला ओळखीचंच वाटेना."

इतकी वर्षं तिने सांभाळलेली गाठ ही अशी होती तर. तिला वाटत होतं नाव सासूबाईंकडे आहे, नीट, कपाटात घडी घालून ठेवल्यासारखं. ते कुणाकडेच नव्हतं. तिकडे त्या घरात एकटी म्हातारी, इकडे या खोलीत ती, आणि दोघींना त्या नावाने हाक मारणारी ती एकच शिवणारी बाई गेल्या वर्षी गेली.

"आई, तुम्ही तो ब्लाउज अजून ठेवलाय," ती म्हणाली.

"त्याची बाही बरोबर बसली होती."

मग पलीकडून हाक आली. जुन्या नावाने, नुसती, कशासाठी नाही. तिच्या आईची लकब सासूबाईंनी कशी उचलली कोण जाणे, शेवटचं अक्षर तसंच लांबवून.

"ओ," तिच्या तोंडून निघून गेलं. विचार करायला वेळच मिळाला नाही.

तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत, बघायला कोण होतं.

"आता तू मार," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, तुमचं नाव मी कसं घेऊ?"

"माझं नको घेऊस. तुझंच घे."

रिकाम्या खोलीत, निवलेल्या चहापुढे बसून तिने आपलं नाव घेतलं, मोठ्याने, शेवटचं अक्षर लांबवून.

आणि तिकडून लगेच, धावत आल्यासारखा, "ओ" आला.